उभं माप, बसलेलं माप

३ नोव्हेंबर, सोमवार

लेस कमी पडली! सगळा गोल फिरून आले, शेवटी दोन टोकं जुळवायला गेले — मध्ये अकरा सेंटिमीटरची खिंड! कापड पांढरं, लेस पांढरी आणि माझं तोंड लालभडक.

बाबांचा नियम सोपा. गोलाचं आडवं माप घ्या, तिप्पट करा, वर एक वीत. टेबलांची कापडं, घेरदार झगे, सगळं त्यांनी आयुष्यभर याच नियमावर शिवलं. त्यांच्यामागे सहा वर्षं दुकान मी चालवते, त्याआधी पंधरा वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसत होते. नियमाने कधी दगा दिला नाही. आज हॉटेलवाल्याचं टेबल दोनशे चाळीसचं. तिप्पट सातशे वीस, वर वीत. आणि तरी तोंडं जुळेनात!

दोनदा मोजलं. टेबल बरोबर. वीतही बरोबर, कारण माझी वीत बाबांच्या विती एवढीच आहे, मोठी झाल्यावर दोघांनी हाताला हात लावून पाहिलं होतं. मग चुकलं कोण? नियम? हे मनात आलं आणि उगीचच भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही गळ्यात टेप. चेहरा नेहमीचाच — उसव आणि परत शीव.

उसवलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई कोटाची बाही आखूड करायला आल्या. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी सगळ्या गल्लीला त्या बाईच. सहज लेसचं सांगितलं. बाही राहिली बाजूला! माझ्या हातातला खडू घेऊन कापायच्या टेबलावरच सुरू झाल्या.

"गोलाचा घेर म्हणजे परीघ. व्यासाच्या तिप्पट आणि वर व्यासाचा सातवा भाग. टेबल मोठं झालं की सातवा भाग मोठा होतो. तुझी वीत मोठी होते का?"

नाही होत. वीत तेवीस सेंटिमीटरची. सात विती म्हणजे एकशे एकसष्ट. म्हणजे दीड-पावणेदोन मीटरच्या टेबलाला वीत चपखल बसते, आणि बाबांच्या वेळी टेबलं तेवढीच असायची. नियम चुकला नाही, टेबलं वाढली! केवढा जीव भांड्यात पडला. फोटोकडे बघून म्हटलं, सुटलात.

पण बाई जाता जाता म्हणाल्या, "आणि हे बावीस सप्तमांशसुद्धा कामचलाऊच बरं का. खरा आकडा संपतच नाही."

"संपत नाही म्हणजे?"

"म्हणजे संपत नाही. तीन, दशांश चिन्ह, आणि मग चालत राहायचं."

हे काही मला पटेना. लेसची टोकं डोळ्यांसमोर जुळतात. घेर संपतो की! मग त्याचा आकडा का संपू नये? बाई जिना चढून गेल्या, मी मात्र दुपारभर रिळाला दोरा गुंडाळून मोजत बसले. दोन गिऱ्हाइकं दारातून बघून परत गेली असावीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज मोजलेले गोल: बशी, रीळ, बादली, खिडकीतली कुंडी, हॉटेलवाल्याचं पोट. पहिले चार तिपटीहून थोडे जास्त. पाचवा गोल नाही — पुढेच आहे सगळा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शर्यत मंडळाचे चिटणीस आले. शिवायला नव्हे. काखेत फाइल, कपाळावर घाम. "ताई, तुमच्या बाबांची ती जुनी मापवही सापडेल का हो?"

भानगड अशी. मैदानाला नवी भिंत झाली. फाटकाशेजारी एक दगड बसवणार आणि त्यावर कोरणार — दहा हजार मीटर, एकतीस मिनिटं बावन्न सेकंद. माझ्या दादाची वेळ! अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. तेव्हापासून दरवर्षी पूल ते मैदानाचं फाटक अशी शर्यत होते, आणि बत्तीस मिनिटांच्या आत दादाशिवाय दुसरं कुणीही आलेलं नाही. दादाचं खरं नाव आता किती जणांना आठवत असेल कोण जाणे. गावाला तो एकतीस-बावन्न. त्याच्या बुटांच्या दुकानावर पाटीसुद्धा तीच, मित्रांनी परस्पर रंगवून आणून ठोकलेली.

आता दगडावर 'दहा हजार मीटर' कोरायचं तर अंतराचा दाखला पाहिजे. रस्ता मोजला होता कुणी? बाबांनी! तेव्हाच्या मंडळाचं म्हणणं पडलं, की गावात बिनचूक मोजणारा माणूस एकच. शिंप्याकडून रस्त्याचं माप!

आणि बाबांच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर होते मी. वय वर्षं अकरा, तोंड मागच्या बाजूला. मागच्या चाकाला चामड्याची पट्टी बांधलेली. चाकाचा एक फेरा झाला की ती दांडीवर आपटायची, फट्! शंभर फट् झाले की डाव्या खिशातलं एक बटण काढून उजव्या खिशात टाकायचं. पंचेचाळीस बटणं आणि वर थोडे फेरे — बाबांनी ब्रेक दाबला. समोर फाटक नव्हतंच तेव्हा. त्या जागी मागाहून फाटक झालं. त्या दिवसापासून दादा मला बटण म्हणतो.

चिटणीसांनी कोरा दाखला ठेवला. "फक्त आकडा घालायचा आणि सही. चोवीस तारखेपर्यंत द्या. तीसला शर्यत, तेव्हाच दगडावरचा पडदा ओढू."

त्यात काय! म्हटलं, उद्याच देते.

८ नोव्हेंबर, शनिवार

मापवही मिळाली. माळ्यावर, जुन्या कात्रीच्या पेटीत. कोपरे वाळवीने खाल्लेत, अक्षर जसंच्या तसं. कोट, विजारी, शर्ट, गणवेश… आणि मधेच एक पान — 'चाक'.

व्यास ७०. परीघ २२०. खाली लिहिलंय — 'टेपने ताडला, २२०च.' मग भागाकार. चार हजार पाचशे पंचेचाळीस फेरे, वर अर्ध्याला जरा कमी. अगदी खाली — 'मोजणी: माझी मुलगी.'

डोळे भरून आले. काय लिहायचं ते लिहिते, इथे कोण बघतंय.

दाखल्यावर आकडा घालायला पेन उघडलं आणि बाईंचा तो न संपणारा आकडा आठवला. वही घेऊन वर गेले. बाईंनी चष्मा लावला. बावीस सप्तमांश खऱ्यापेक्षा केसभर मोठा, म्हणजे चाकाचा घेर दोनशे वीसला केसभर कमी. एका फेऱ्याला एक मिलिमीटरसुद्धा नाही. टेपला कुठला कळायला! पण साडेचार हजार फेरे झाले की मिलिमीटरचे मीटर होतात.

चार मीटर. बाबांचा रस्ता चार मीटर तोकडा!

मग बाईंनीच हिशोब केला — दादाच्या वेगाला चार मीटर म्हणजे पाऊण सेकंद. एकतीस-बावन्नचं फार तर एकतीस-त्रेपन्न. बत्तीसच्या आतच! बाई म्हणाल्या, "एवढं चालतं." बाबा असते तर म्हणाले असते, चालतं काय? उसव.

पेन मिटलं. सही उद्या.

९ नोव्हेंबर, रविवार

दादाकडे जेवायला. दगडाचं सांगितलं तर आनंद राहिला बाजूला, तो ताटात बघत म्हणाला, "दगडबिगड कशाला? माणसं विसरत आली होती, बरं चाललं होतं." हा नेहमीचाच. रस्त्यात कुणी "काय एकतीस-बावन्न!" म्हणून हाक मारली की हा हात झटकतो. इतका विनयशील माणूस मी पाहिला नाही. थोडा विनय मला द्यायला हवा होता.

वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला दगड नको, टपालपेटी द्या. तिच्याशीच संसार चाललाय."

हे दादाचं वेड आता सगळ्यांना माहीत झालंय. रोज पहाटे फिरायला जातो, पुलापासून फाटकापर्यंत. आणि फाटकाशी वळायचं सोडून पुढच्या टपालपेटीपर्यंत जातो, तिला हाताने एक थाप मारतो, मग घरी. त्या पेटीत कुणी पत्र टाकत नाही. टपालवालासुद्धा तिच्याकडे बघत नाही. वय वाढलं की माणसं एकेक खूळ धरतात. माझं गोल मोजणं, त्याची पेटी.

मी विचारलं, "दादा, त्या शर्यतीनंतर तू पुन्हा धावलाच नाहीस. का रे?"

"घोटा."

"कुठला? डावा की उजवा?"

"बटण, जेव तू."

११ नोव्हेंबर, मंगळवार

मापवही चाळायचा नाद लागलाय. आज शेवटच्या पानावर एक गंमत सापडली. तारीख ४ डिसेंबर, म्हणजे शर्यत झाली त्यानंतर चार दिवसांनी. गिऱ्हाइकाचं नाव नाही. उंची नाही, बाही नाही. नुसतं —

उभा २२०. बसून २१८½.

दोनशे वीस सेंटिमीटर कंबर! कोण हा? एका विजारीत दोन हॉटेलवाले मावतील.

खूप हसले. पण मशीनवर बसल्यावर हसू ओसरलं. बाबा विजारीचं माप दोनदा घेत, उभं आणि बसलेलं. "उभ्याचं माप अर्धं खरं. जरा बसून दाखवा," हे त्यांचं पालुपद. कारण माणूस बसला की कंबर फुगते. पुढाऱ्याची फुगते, शिपायाची फुगते, माझी तर फारच फुगते. मग बसल्यावर दीड सेंटिमीटर कमी झालेला हा मनुष्य कोण?

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोनशे वीस! अगं बये, ते चाक! पण चाक बसतं कसं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

हॉटेलवाला टेबलाचं कापड न्यायला सायकलवरून आला. मी दारात उभी. त्याने ब्रेक दाबला, एक पाय पायरीवर टेकला, बाकी सगळा भार सीटवर. माझी नजर त्याच्या मागच्या चाकावर. खाली, जमिनीला टेकतं तिथे टायर चेपलेलं, बाजूंना फुगलेलं. तो उतरला. टायर पुन्हा गोल!

चाक बसलं होतं.

मी त्याला म्हटलं, "परत बसा." तो बसला. "उतरा." उतरला. "बसा." चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, टेबलाचं कापड झालंय ना?"

म्हणजे असं — बाबांनी चाक मोजलं रिकाम्या सायकलचं. उभं माप. आणि रस्ता मोजला तेव्हा सीटवर बाबा, कॅरिअरवर मी. चाक चेपलं, आस जमिनीच्या जवळ आली, आणि एका फेऱ्यात सायकल दोनशे वीस नाही, दोनशे साडेअठराच सेंटिमीटर पुढे गेली. जगाला 'बसून दाखवा' म्हणणाऱ्या माणसाने चाकाला तेवढं म्हटलं नाही!

हिशोब केला. पुन्हा केला. मग बाईंकडून करून घेतला. रस्ता नऊ हजार नऊशे बत्तीस मीटर. अडुसष्ट मीटर कमी. अडुसष्ट मीटर धावायला दादाला तेरा सेकंद लागतील.

बत्तीस मिनिटं पाच सेकंद.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबांचा राग आलाय. सरळ लिहिते — प्रचंड राग आलाय. चूक झाली याचा नाही. शर्यतीनंतर चारच दिवसांनी त्यांना कळलं होतं! स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'बसून २१८½'. आणि वही मिटून ठेवली. कॉलर सूतभर वाकडी गेली तर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कोट परत आणणारा हा माणूस! सगळं गाव दादाला खांद्यावर घेऊन नाचत होतं, आणि यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं जिवंत होते त्यानंतर. एक शब्द नाही.

फोटो काढून ठेवावा म्हटलं. स्टुलावर चढले, हात लावला, तसाच राहू दिला.

आणखी वाईट म्हणजे ती ४ डिसेंबरची दुपार मला आठवली. मी तिथे होते! दुकानामागची फरसबंद गल्ली. बाबा म्हणाले, "बस मागे. पाय वर घे. हलू नकोस." टायरवर खडूची खूण, जमिनीवर खडूची रेघ, सायकल हळूच पुढे, दुसरी रेघ. मला वाटलं खेळ आहे. मी म्हटलं, अजून एकदा! तर कुणीच हसलं नाही.

तेव्हा कॅरिअरवर बसून मी दादाचे तेरा सेकंद चेपत होते, आणि मला काही कळलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दाखला मशीनच्या खणात. दिवसभर खण उघडला नाही. दोऱ्याची रिळं संपली तरी नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवलं, दादाला सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. पहाटे उठून पुलावर जाऊन उभी राहिले. मला बघून तो म्हणाला, "काय गं बटण, सूर्य कुठून उगवायचा आज?"

बरोबर चालले. त्याची चाल अजून कसली झरझर! मला धाप. वाटेत तो दुकानातलं सांगत होता. लोक बूट खुर्चीत बसूनच घेतात, चालून बघत नाहीत आणि मग चावतो म्हणून भांडायला येतात. मी हो-हो करत होते. मनात वाक्य जुळवत होते. दादा, तुझी वेळ… नाही. दादा, बाबांचं चाक… नाही. एक वाक्य धड जुळलं असेल तर शपथ.

फाटक आलं. नवी भिंत. दगडासाठी चौकोन मोकळा सोडलाय. तिथे माझे पायच थांबले. दादा थांबला नाही, नेहमीसारखा पेटीपर्यंत गेला, थाप मारली, परत आला. मी त्या चौकोनाकडे बघत उभी.

"मोजणं कुठवर आलं?" त्याने विचारलं.

"वही बघतेय."

"वही कशाला बघतेस? नव्याने मोज. जे येईल ते लिही." आणि माझ्या डोक्यावर टप्पल मारून घराकडे वळला.

बिचारा. काय येणार आहे हे त्याला माहीत असतं तर असं म्हणाला असता का?

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक आशा आहे! लिहायला लाज वाटते, पण आहे.

अठ्ठावीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही — तिसाव्या बटणाच्या आसपास एक कुत्रा सायकलमागे लागला होता. मी किंचाळले, पाय वर घेतले. कुत्रा गेला, पण त्या शंभराचं बटण खिशात टाकलं की नाही, मला आठवेना. बाबांना सांगायची भीती वाटली. टाकलं असणार, असं धरून पुढे मोजत राहिले.

समजा, नसेल टाकलं! तर शंभर फेरे मी कमी धरले. म्हणजे रस्ता दोनशे मीटर जास्त! मग दादा नुसता वाचत नाही, त्याची वेळ आणखीच चांगली ठरते. बाबांची चूक माझ्या चुकीत बुडून जाते.

आयुष्यभर माझं माप बरोबर यावं म्हणून धडपडले. आज पहिल्यांदा देवाला म्हटलं, मी चुकलेली असू दे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चिटणीसांनी दगड आणून दाखवला. नावं, तारीख कोरून झालीय. आकड्यांची जागा गुळगुळीत सोडलीय. त्यांनी हात फिरवून दाखवलं, मलाही फिरवायला लावलं. गार होता.

"ताई, दहा हजारच आहे ना हो?"

"मोजते परवा."

"तसं मोजलं नाही तरी…"

"मोजते म्हटलं ना!"

बिचारे दोन पायऱ्या मागे सरकले. त्यांच्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या सायकलचं बसलेलं माप घेतलं. मदतीला बाई. सत्तरीची बाई, पण खडू हातात दिला की चाळिशीची. जागा तीच, दुकानामागची गल्ली.

रिकामं चाक २०८. मग मी सीटवर बसले. आता टायरची खूण बरोबर एक फेरा मारून परत जमिनीला टेकली पाहिजे. पायडल मारायला गेले की सायकल डुगडुगते, रेघ वाकडी. पाय जमिनीला टेकून ढकलावं तर भार पायांवर येतो, चाक पुन्हा उभं. तीनदा फसलं. चौथ्यांदा बाई वैतागल्या. "पाय वर घे, मी ढकलते!" दोन्ही हातांनी हँडल धरून त्यांनी मला तोल सांभाळत पुढे नेलं. वरच्या खिडक्यांतून लोक बघत होते. बघू देत.

दहा फेऱ्यांची सरासरी — २०६.६. उभं आणि बसलेलं, जवळजवळ दीड सेंटिमीटरचाच फरक! बाबांच्या चाकाला होता तेवढाच. बाई हरखून टाळ्या वाजवायला लागल्या आणि हँडल सोडलं. मी भिंतीवर.

कोपर खरचटलं. त्याला पट्टी बांधता बांधता हात थांबला.

त्या दुपारी मी कॅरिअरवर होते, पाय वर. बाबा सीटवर होते. बसलेलंच माप घ्यायचं तर तेही पाय वर घेऊनच बसलेले असणार.

मग सायकल ढकलत कोण होतं?

२३ नोव्हेंबर, रविवार

मोजलं. पूल ते फाटक, चार हजार आठशे सात फेरे. नऊ हजार नऊशे एकतीस मीटर. अकरा वर्षांच्या मुलीने एक बटणसुद्धा इकडचं तिकडे केलं नव्हतं.

फाटकाशी उतरावंसं वाटेना. दहा हजार पुरे कुठे होतात ते तरी बघू म्हणून तशीच पुढे गेले. तेहेतीस फेरे आणि वर थोडं. उतरले, खडूची रेघ मारायला वाकले, उठताना डोकं आपटलं — टपालपेटीवर.

पेटीच्या एका बाजूचा रंग पार उडालाय. तळहाताएवढा पत्रा चकचकीत, दादाच्या हाताच्या उंचीवर. माझ्या रेघेपासून एक पाऊल पुढे. बाबा शिलाईत थोडं जास्तीचं कापड सोडायचे ना, तसं.

सायकल दादा ढकलत होता. अठ्ठावीस वर्षं तो रोज पहाटे ती शर्यत पुरी करतोय, आणि आम्ही त्याला वेड लागलं म्हणत होतो.

तिथेच पेटीवर कागद ठेवून दाखला भरला — ९,९३१. सही केली. आधी दादाला दाखवून येते.